४० टक्के ब्लॉक दिसत असताना स्टेंट का टाकला नाही?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या ६१ वर्षांच्या वडिलांना जिना चढताना छातीत दडपण जाणवत होते. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत ४० टक्के आणि उजव्या धमनीत ३० टक्के अडथळा दिसला, आणि डॉक्टरांनी स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी) न टाकता गोळ्या सुरू केल्या. नळीत गाळ साचलेला दिसत असताना तो तसाच का ठेवायचा, असे तुम्ही विचारता. पुढे तुम्ही असेही विचारता, की ४० टक्के ही काळजीची गोष्ट नसेल, तर ट्रेडमिल चाचणी व्यवस्थित आलेल्या तुमच्या एका परिचितांना दोनच महिन्यांनी हृदयविकाराचा झटका कसा आला? शेवटी तुम्ही स्वतःविषयी लिहिले आहे : वय ३४, एलडीएल (ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते) १५२, त्रास काहीच नाही, तर काही करावे का?

हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटले, तरी त्यांच्या मुळाशी एकच शंका आहे. अहवालातली टक्केवारी काय मोजते आणि धोका त्याच प्रमाणात वाढतो का, ही ती शंका. माझे उत्तर असे, की ती टक्केवारी रक्ताची वाट किती अरुंद झाली आहे एवढेच सांगते. आजार मात्र धमनीच्या भिंतीत असतो, आणि झटका बहुधा त्या भिंतीतला एखादा साठा अचानक फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे येतो. हे एकदा ध्यानात आले, की स्टेंट का नको, गोळ्या कशासाठी आणि ३४व्या वर्षी एलडीएलकडे का पाहायचे, हे समजायला वेळ लागत नाही.

एक मर्यादा आधीच नमूद करतो. वडिलांच्या अँजिओग्राफीची फिल्म मी पाहिलेली नाही. त्यांना मधुमेह आहे का, धूम्रपान आहे का, हृदयाची पंप करण्याची क्षमता किती आहे आणि दडपण नेमके केव्हा येते, हेही मला माहीत नाही. या प्रत्येक गोष्टीने निर्णय बदलू शकतो. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे तो उपचारांचा सल्ला नसून त्या निर्णयामागचा विचार आहे, असे समजून वाचावे.

गाळ साचलेल्या नळीचे चित्र इतके रुळलेले आहे, की घाईच्या वेळी आम्ही डॉक्टरसुद्धा रुग्णाला समजावताना तेच वापरतो आणि नंतर त्यातून झालेले गैरसमज दूर करत बसतो. नळीतला गाळ आतल्या पृष्ठभागावर बसतो, नळीला त्याची काही खबर नसते, आणि घासून तो काढता येतो. धमनीच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात आणि सर्वांत आतल्या बाजूला, रक्ताला लागून, केवळ एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. चरबी साचते ती या अस्तराच्या खाली, म्हणजे भिंतीच्या पोटात. रक्तप्रवाह आणि ती चरबी यांच्यामध्ये जिवंत पेशींचा पडदा असतो आणि हा सगळा आजार त्या पडद्याच्या आड, अनेक दशके, काहीही न जाणवता चालू राहतो.

त्याची सुरुवात अशी होते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनात, बारीक कणांच्या रूपाने रक्तातून फिरते. एलडीएलचा कण साधारण २० ते २५ नॅनोमीटरचा असतो आणि अशा प्रत्येक कणावर एपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. हे कण धमनीच्या अस्तरातून आतबाहेर करतच असतात, तेही सर्वांच्याच शरीरात. बिघाड सुरू होतो तो त्यांतले काही कण भिंतीतल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या रेणूंना अडकून तिथेच राहतात तेव्हा. रक्तात असे कण जितके जास्त, आणि ते जितकी जास्त वर्षे फिरत राहिलेले, तितके अडकणारे जास्त. रक्तदाब वाढलेला असेल, साखर जास्त असेल, तंबाखूचा धूर नित्याचा असेल, तर अस्तराचे कामकाज बिघडते आणि अडकण्याचे प्रमाण आणखी वाढते. पण मूळ सामग्री हे कणच पुरवतात. निकोलाय अनिच्कोव्ह या रशियन संशोधकाने १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत अशाच गाठी उत्पन्न करून दाखवल्या होत्या, तरी पुढची कित्येक दशके ते काम वैद्यकाने फारसे मनावर घेतले नाही.

अडकलेल्या कणांचे ऑक्सिडेशन होते, त्यांचे रूप बदलते आणि शरीराला ते परके वाटू लागतात. अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू आणतात, मोनोसाइट जातीच्या पेशी आत शिरतात, त्यांच्या भक्षक पेशी होतात आणि त्या ही चरबी गिळू लागतात. गिळून गिळून इतक्या भरतात, की सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाने भरल्यासारख्या दिसतात. अशा पेशींचा जमाव म्हणजे धमनीच्या आत दिसणाऱ्या पिवळट रेघा. ही पायरी अजून परतवता येण्याजोगी असते. पुढे मात्र या पेशी मरू लागतात, मेलेल्या पेशी उचलून नेण्याचे काम अपुरे पडते आणि त्या जागी चरबी, कोलेस्टेरॉलचे स्फटिक आणि मृत पेशींचा एक मऊ गाभा तयार होतो. त्याला आवर घालण्यासाठी मधल्या थरातून स्नायुपेशी वर सरकतात आणि कोलॅजेनचे आवरण विणतात. मऊ गाभा आणि त्यावरचे हे तंतुमय आवरण मिळून जे होते, त्यालाच आपण प्लाक म्हणतो. जुन्या प्लाकमध्ये कॅल्शियमही बसते. सारांश, हा साठा जिवंत आहे, त्यात दाह (इन्फ्लमेशन) चालू असतो आणि त्याची घडण सतत बदलत असते.

हे सगळीकडे सारखे होत नाही, ही मला आजही लक्षणीय वाटणारी बाब आहे. एलडीएल तर साऱ्या शरीरात तेच असते, पण प्लाक धरतो तो मुख्यतः फाटे फुटतात तिथे आणि वळणांच्या आतल्या बाजूला. तिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता मंदावतो आणि मागेपुढे होतो. सुरळीत वाहणाऱ्या रक्ताचे घर्षण अस्तराला निरोगी ठेवते, आणि ते घर्षण कमी पडते तिथे अस्तर ढिले पडते. छातीच्या हाडामागून जाणारी आतली स्तनधमनी या आजारापासून बहुतांशी मुक्त राहते, म्हणूनच बायपास करणारे शल्यचिकित्सक तिला पहिली पसंती देतात. उलट पायातली शीर एरवी आयुष्यभर प्लाकविना राहते, पण तीच काढून हृदयावर जोडली आणि तिला धमनीचा दाब सोसावा लागला, की काही वर्षांत तिच्यातही प्लाक होऊ लागतो.

आता तुमच्या ४० टक्क्यांकडे येतो. प्लाक वाढू लागला, की धमनी मुकाट्याने अरुंद होत नाही. ती बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट कायम राखते. सेमूर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मृत व्यक्तींच्या हृदयधमन्या मोजून दाखवले, की भिंतीच्या आतल्या क्षेत्रफळापैकी सुमारे ४० टक्के भाग प्लाकने व्यापेपर्यंत वाट फारशी आकुंचन पावत नाही (हे ४० टक्के भिंतीतल्या प्लाकचे, तुमच्या अहवालातले ४० टक्के वाटेचे). अँजिओग्राफीत आपण पाहतो ती फक्त या वाटेची सावली. धमनीत सोडलेले औषध क्ष-किरणांत काळे दिसते, त्या काळ्या रेषेची रुंदी एका ठिकाणी कमी भरली तर शेजारच्या ‘चांगल्या’ भागाशी तुलना करून टक्केवारी काढली जाते. तो शेजारचा भाग स्वतः आजारी असू शकतो, हे त्या सावलीत कळत नाही.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगतो. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, कधीकधी धमनीच्या आत प्रकाशकिरण सोडणारी बारीक वायर घालून ती हळूहळू मागे ओढतात आणि पडद्यावर भिंतीचे आडवे छेद एकामागून एक सरकत जातात. अँजिओग्राफीत जो तुकडा अगदी गुळगुळीत दिसत असतो, त्याच तुकड्यात या छेदांमध्ये एका बाजूला चंद्रकोरीच्या आकाराचा गडद चरबीचा साठा आणि त्यावर जेमतेम दिसणारी पांढुरकी रेघ, म्हणजे आवरण, समोर येते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर ती एकाच रुग्णाची आहेत यावर नवख्या निवासी डॉक्टरांचा चटकन विश्वास बसत नाही. तुमच्या वडिलांच्या अहवालात दोन जागा लिहिल्या आहेत, पण बाकीची धमनी स्वच्छ आहे असा त्याचा अर्थ नाही. दोन ठिकाणी आजार वाटेपर्यंत पोहोचला आहे, इतकाच अर्थ आहे.

टक्केवारीचे गणितही एकदा पाहून घ्यावे. अहवालातला आकडा सहसा व्यासाचा असतो. व्यास ४० टक्क्यांनी घटला तर उरतो ६० टक्के, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वाट ३६ टक्के उरते. ऐकायला हे भयंकर वाटेल, पण हृदयाकडे बरीच राखीव क्षमता असते. अडथळ्यापलीकडच्या बारीक वाहिन्या विस्फारून रक्त ओढून घेतात, त्यामुळे व्यासात सुमारे ५० टक्क्यांपर्यंत घट होईतो श्रमाच्या वेळचा पुरवठाही बहुधा भागतो आणि विश्रांतीच्या वेळचा पुरवठा तर ८५ टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत टिकतो. म्हणून ४० टक्क्यांच्या जागेमुळे जिना चढताना दडपण येणे थोडे अनपेक्षित आहे. त्या दडपणाचे कारण अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असू शकते, धमनी मधूनच आकसत असेल, किंवा ते हृदयाबाहेरचेही असेल. हा मुद्दा वडिलांच्या डॉक्टरांकडे अवश्य काढा, कारण ‘ब्लॉक किरकोळ आहे’ एवढ्याने त्यांच्या त्रासाचे उत्तर मिळत नाही.

तुमच्या परिचितांना झटका कसा आला, हे आता सांगता येईल. १९८० मध्ये मार्कस डीवूड आणि सहकाऱ्यांनी मोठा झटका आलेल्या रुग्णांची, त्रास सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत अँजिओग्राफी केली, तेव्हा ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद आढळली आणि ती बंद होण्यात ताज्या गुठळीचा हात होता. त्याआधी गुठळी हे कारण की परिणाम, यावर बराच वाद चालू होता. आज चित्र असे आहे. प्लाकवरचे आवरण पातळ झालेले असते. अशा झटक्यांनी मृत्यू पावलेल्यांच्या धमन्यांत फुटलेले आवरण सामान्यतः ६५ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागापेक्षा, पातळ भरते. भक्षक पेशींनी सोडलेली विकरे (एन्झाइम) कोलॅजेन कुरतडत असतात, स्नायुपेशी कमी झालेल्या असतात, आणि कधीतरी, बहुधा प्लाकच्या कडेशी, ते आवरण फाटते. आतला गाभा रक्ताच्या संपर्कात येतो. त्यात रक्त गोठवणारे घटक ठासून भरलेले असतात, त्यामुळे प्लेटलेट्स चिकटतात आणि काही मिनिटांत गुठळी धरते. जी वाट सकाळी ४० टक्के अरुंद होती, ती दुपारी १०० टक्के बंद असू शकते. प्रत्येक वेळी आवरण फाटतेच असेही नाही. काही रुग्णांत, विशेषतः तरुण स्त्रिया आणि धूम्रपान करणाऱ्यांत, आवरण शाबूत राहून केवळ वरचे अस्तर झडते आणि तिथे गुठळी बसते.

ट्रेडमिल चाचणी तपासते ती श्रमाच्या वेळी रक्त कमी पडते का, एवढेच. वाट पुरेशी रुंद असेल तर चाचणी व्यवस्थित येणारच, आणि तिने खोटे सांगितले असेही म्हणता येणार नाही. दोन महिन्यांनी कोणते आवरण फाटेल हा प्रश्न तिला विचारलेलाच नव्हता.

इथे एका अतिशयोक्तीपासून सावध करतो. ‘छोटेच ब्लॉक घातक, मोठे निरुपद्रवी’ असे एक वाक्य अलीकडे बरेच फिरते. ते चूक आहे. एकेक जागा घेतली, तर जास्त प्लाक असलेली, अधिक अरुंद जागा घातक ठरण्याची शक्यता अधिकच असते. मात्र किरकोळ दिसणाऱ्या जागा संख्येने पुष्कळ असतात, म्हणून एकूण झटक्यांतला मोठा वाटा त्यांच्याकडून येतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पेक्ट नावाच्या अभ्यासात, झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या ६९७ रुग्णांवर तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. पुढचे हृदयविकाराचे प्रसंग उपचार केलेल्या आणि न केलेल्या जागांमधून जवळजवळ सारख्याच प्रमाणात उद्भवले, आणि उपचार न केलेल्या त्या जागा सुरुवातीला अँजिओग्राफीत सरासरी अवघ्या ३२ टक्के अरुंद होत्या. फाटण्याचे अनेक प्रसंग निमूटपणेही पार पडतात. छोटी गुठळी धरते, ती भरून येते, वर नवा थर चढतो आणि प्लाक एका पायरीने वाढतो. म्हणजे ‘हळूहळू वाढणारा ब्लॉक’ पुष्कळदा प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने, उड्या मारत वाढलेला असतो.

म्हणून स्टेंटविषयी माझे मत स्पष्ट आहे. स्टेंट वाट रुंद करतो. झटका चालू असताना, वाट बंद पडलेली असताना, तो जीव वाचवतो आणि तिथे क्षणाचाही विलंब नको, कारण पूर्ण बंद धमनीच्या पलीकडचे हृदयाचे स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरू लागतात. पण स्थिर रुग्णात, दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात जाळी बसवून उरलेल्या सगळ्या धमन्यांमधला आजार कसा थांबेल? २००७ मधील करेज या चाचणीत २,२८७ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्ण होते. चांगल्या औषधोपचारांवर सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासची भर घातल्याने मृत्यू आणि झटके यांत एकूण लक्षणीय घट झाली नाही. छातीतले दुखणे मात्र, ज्यांना ते वारंवार होत होते त्यांचे, अधिक कमी झाले. या चाचण्यांतले बहुतेक अडथळे तुमच्या वडिलांच्या अडथळ्यापेक्षा कितीतरी मोठे होते, हे लक्षात घ्या. ४० टक्क्यांच्या जागी स्टेंट घालणे म्हणजे नसलेली अडचण सोडवण्यासाठी धातूची परकी वस्तू कायमची आत ठेवणे, आणि तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून काही महिने दोन-दोन औषधे घेणे. डाव्या मुख्य धमनीतला मोठा अडथळा, क्षीण झालेले हृदय, औषधांनी न हटणारा त्रास, या परिस्थिती वेगळ्या. अडथळा मधल्या पट्टीत, साधारण ५० ते ७० टक्के असेल, तर केवळ नजरेवर विसंबू नये. तिथे अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात आणि ते गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आले तरच ती जागा रक्त अडवते असे धरतात.

मग गोळ्या काय करतात? बहुतेक जणांची समजूत असते, की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घेतल्याने ‘ब्लॉक विरघळतो’. तसे होत नाही, निदान त्या अर्थाने तरी नाही. स्टॅटिनने यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन कमी झाले, की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढवतात आणि रक्तातले कण उचलून नेतात. या ग्राहकांच्या शोधाबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भिंतीत शिरणारे कण घटले, की आतला दाह शमू लागतो, गाभा काहीसा आटतो, आवरण जाड होते आणि कॅल्शियम वाढून साठा टणक होतो. धमनीच्या आतून घेतलेल्या मोजमापांत जोरकस उपचारांनंतरही प्लाकचे आकारमान एखाद्या टक्क्याच्या आसपासच घटलेले दिसते, आणि अँजिओग्राफीत तर बहुधा काहीच फरक दिसत नाही. झटके मात्र त्या मानाने कितीतरी जास्त घटतात. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचे एकत्रित गणित असे सांगते, की एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने (तुमचे १५२ही याच एककात) उतरवले, तर हृदय आणि मेंदूच्या मोठ्या प्रसंगांत (झटका, पक्षाघात वगैरे) साधारण एकपंचमांश घट होते. जितके जास्त उतरवावे तितका लाभ वाढतो आणि जितकी जास्त वर्षे खाली ठेवावे तितका तो साठत जातो. युरोपीय मार्गदर्शक सूचनांत, धमन्यांचा हा आजार सिद्ध झालेल्यांसाठी एलडीएल ५५ च्या खाली आणि मूळ पातळीपेक्षा निम्म्याने तरी कमी, असे लक्ष्य सांगितले आहे. केवळ गोळी सुरू आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सुरू केल्यापासून ४ ते १२ आठवड्यांत एलडीएल पुन्हा तपासून ते कुठे आले आहे ते पाहा. पुरेसे उतरले नसेल तर एझेटिमाइबसारखे दुसरे औषध जोडता येते.

दाहाविषयी एक पुस्ती जोडतो, कारण ‘कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, खरा गुन्हेगार दाह’ असेही कोणीतरी तुम्हाला सांगेलच. २०१७ मधील कँटोस चाचणीत एलडीएलला हात न लावता केवळ दाह कमी करणारे इंजेक्शन दिल्याने प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी घटले, म्हणजे दाहाचा वाटा खरा आहे. पण त्याच औषधाने जीवघेण्या जंतुसंसर्गांचे प्रमाणही वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. दाह आणि कण हे पर्याय नाहीत. अडकलेले कणच तो दाह पेटता ठेवतात.

स्टॅटिनने अंग दुखते म्हणून वडिलांनी गोळी परस्पर बंद करू नये. स्नायूंचा खरा त्रास काही जणांना होतो आणि तो गांभीर्यानेच घ्यायचा असतो, परंतु त्याच तक्रारी नकली, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळीनेही मोठ्या प्रमाणावर होतात, हे २०२० मधील एका नेटक्या अभ्यासाने दाखवले आहे. मात्रा बदलणे, औषध बदलणे, दिवसाआड देणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू कोणत्याही रूपात पूर्ण बंद करणे आणि रोज चालणे यांचे महत्त्व तुम्ही ऐकून आहातच. त्यांत तंबाखू सोडण्याचा फायदा सर्वांत लवकर दिसतो, कारण गुठळी धरण्याची प्रवृत्ती त्याने झपाट्याने उतरते.

आता तुमचे स्वतःचे. १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२, आणि सुमारे ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत डोळ्यांना दिसेल असा आजार. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या पिढीच्या सैनिकांवरील तशाच पाहणीत हे प्रमाण ८.५ टक्के भरले. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नव्हती, तरी एवढा फरक केवळ पद्धतीने पडलेला नसावा. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या तिन्ही बाबतींत मधल्या काळात बराच बदल झाला होता. यातून दोन गोष्टी कळतात : आजार विशीतही सुरू झालेला असू शकतो, आणि तो होणे अटळ नाही. जन्मापासून एलडीएल कमी असलेल्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. पीसीएसके-९ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्तींत एलडीएल सुमारे २८ टक्केच कमी होते, पण त्यांच्यात हृदयधमनीविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला, असे २००६ मध्ये दाखवले गेले. साठीत औषधाने तेवढेच एलडीएल उतरवून इतका लाभ मिळत नाही, कारण तोवर चाळीस-पन्नास वर्षांचा साठा भिंतीत बसलेला असतो.

याचा अर्थ तुम्ही उद्यापासून गोळी घ्यावी असा नाही. १५२ हा आकडा एकदाच आलेला असेल तर तो पुन्हा तपासा आणि त्यासोबत थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या करा, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल चढते. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच आणखी एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. ती पातळी जवळपास पूर्णपणे आनुवंशिक असते आणि ती जास्त निघाली तर १५२ कडे पाहण्याची दृष्टी बदलते. वडिलांना ६१व्या वर्षी आजार आढळला, याला आम्ही अकाली म्हणत नाही. पुरुष नातेवाइकात ५५ च्या आधी आणि स्त्री नातेवाइकात ६५ च्या आधी तो झाला असेल तर कौटुंबिक इतिहास जड धरतो. एलडीएल १९० च्या वर असते तर मी आनुवंशिक दोषाचा शोध घेऊन औषध सुरू करण्याच्या बाजूने बोललो असतो. तुमच्या आकड्याला, बाकी सगळे ठीक असेल तर, आधी आहारातली संपृक्त चरबी कमी करणे, वजन आणि व्यायाम यांवर काही महिने प्रामाणिकपणे काम करणे आणि मग पुन्हा मोजणे हा मार्ग मला योग्य वाटतो. धूम्रपान, मधुमेह किंवा वाढलेली लायपोप्रोटीन-ए यांपैकी काही सोबत असेल, तर औषधाचा विचार लवकर करावा लागेल. हृदयाचे कॅल्शियम मोजणारे स्कॅन या वयात बहुधा करू नये. ते बहुधा शून्यच येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल, पण कॅल्शियम हा प्लाकचा उशिराचा टप्पा आहे आणि मऊ प्लाक त्यात दिसत नाही.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक. हृदयाच्या धमन्यांत प्लाक आहे, तर तो मानेच्या, पायांच्या, मूत्रपिंडांच्या धमन्यांतही असू शकतो. चालताना पोटरी आखडून थांबावे लागते का, कधी काही मिनिटांपुरती जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, एका डोळ्यापुढे पडदा आला असे झाले का, हे त्यांना नीट विचारा. असे काही झालेले असेल तर ते आपोआप बरे झाले म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी दाखवा. छातीतले दडपण विश्रांती घेऊनही पंधरा-वीस मिनिटे न ओसरल्यास, सोबत घाम, धाप किंवा जबड्यात वा हातात कळ असल्यास रुग्णवाहिका बोलवा. अहवालात ४० टक्के लिहिले आहे म्हणून वाट पाहू नका.

दरवर्षी अँजिओग्राफी करून ब्लॉक ‘वाढला का’ ते पाहावे का, असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. त्रास तसाच असेल किंवा कमी झालेला असेल, तर नको. वर सांगितल्याप्रमाणे त्या सावलीत औषधाचा परिणाम दिसत नाही, आणि तपासणीचा थोडा का होईना धोका, क्ष-किरणे आणि मूत्रपिंडांवरचा भार मात्र दर वेळी सोसावा लागतो. दडपण आधीपेक्षा कमी श्रमांत येऊ लागले, जास्त वेळ टिकू लागले किंवा विश्रांतीतही जाणवू लागले, तर मात्र वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता ताबडतोब तपासणी व्हायला हवी.